पन्नास किलोच्या आतली माणसे

क्षयरोगाच्या गोळ्या रुग्णाच्या वजनावर ठरतात. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या, चार औषधे एकत्र केलेल्या गोळ्या २५ ते ३४ किलो वजनाच्या प्रौढ रुग्णाला रोज दोन, ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला तीन, ५० ते ६४ किलोच्या रुग्णाला चार, ६५ ते ७५ किलोच्या रुग्णाला पाच आणि त्याहून अधिक वजन असणाऱ्याला सहा दिल्या जातात. मुंबईच्या मानखुर्द-गोवंडी भागात एका संस्थेच्या वतीने क्षयरुग्णांच्या घरी शिधा पोहोचवण्याचे आणि त्यांच्या वजनाची नोंद ठेवण्याचे काम मी करते. आमच्या वहीत चार गोळ्यांचे रुग्ण शोधावे लागतात. बिगारी काम करणारे, हातगाडी ओढणारे, भंगार वेचणारे, जरीच्या कारखान्यात दिवसभर मांडी घालून बसणारे, ऐन उमेदीतले पुरुष तीन गोळ्यांच्या गटात असतात आणि बायकांपैकी कित्येकजणी दोन गोळ्यांच्या. क्षयाने वजन उतरते हे खरेच आहे. परंतु आजारी पडण्यापूर्वी किती भरत होते असे विचारले, तर उत्तर बहुधा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या पुढे जात नाही.

म्हणजे या माणसांच्या अंगावरचे मांस आधी कमी होते आणि क्षय मागाहून आला. हा क्रम नीट ध्यानात घेतला, तर क्षयरोगाविषयी आपण ज्या पद्धतीने बोलतो तिच्यात काहीतरी मोठे राहून जाते आहे असे मला वाटते. आपल्या बोलण्यात जंतू असतो, औषध असते, आणि रुग्ण गोळ्या वेळेवर घेतो की नाही याची चौकशी असते. त्याच्या ताटात काय पडते, तो कोणत्या खोलीत झोपतो, आठवडाभर काम बुडाले तर त्याच्या घरात काय होते, हे प्रश्न मात्र सहानुभूतीचे म्हणून विचारले जातात, उपचाराचे म्हणून नाही. क्षय होण्याचे निर्णय रेशनच्या यादीत, मजुरीच्या दरात आणि इमारतींच्या नकाशात होतात, आणि ते घेणाऱ्या खात्यांना क्षयरुग्ण कधी भेटतच नाही. तो भेटतो तो फक्त आरोग्य खात्याला, तेही सगळे होऊन गेल्यावर. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, पण ते तपशिलाने सांगितल्याशिवाय पटण्यासारखे नाही.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या; अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या त्या मुलीला वयाची बावीस वर्षेही पूर्ण करता आली नाहीत. जंतू जात-पात, शिक्षण, मिळकत पाहत नाही असे म्हणतात आणि संसर्गापुरते ते खरेही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या संसर्गाची खूण सापडली. म्हणजे हा मजकूर वाचणाऱ्या दहाजणांतल्या तिघांच्या शरीरात तो जंतू केव्हा ना केव्हा शिरला असण्याची शक्यता आहे. पण संसर्ग झालेल्या शंभर माणसांपैकी आयुष्यभरात साधारण पाच ते दहाजणांनाच प्रत्यक्ष आजार होतो, बाकीच्यांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. हे पाच-दहाजण कोण असणार, या प्रश्नात सगळे समाजकारण आणि अर्थकारण सामावलेले आहे. मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू ही कारणे आहेतच; परंतु आपल्या देशात सर्वांत मोठे कारण अपुरे पोषण हे आहे. उंचीच्या प्रमाणात वजन किती हे सांगणारा जो निर्देशांक असतो, तो एका अंकाने खाली आला की क्षयाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून संशोधकांनी दाखवले आहे. हा निर्देशांक १८.५ च्या खाली असलेली माणसे आमच्या वहीत पानोपानी आहेत.

यावर कोणी म्हणेल की, उपाशी माणूस आजारी पडतो हे सांगायला अभ्यास कशाला हवा? हवा, कारण सरकारी पैसा अंदाजावर खर्च होत नाही, आणि तो अभ्यास आता आपल्याच देशात झालेला आहे. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्णांच्या घरांत हा प्रयोग केला. सर्व रुग्णांना औषधाबरोबर पौष्टिक शिधा दिला. घरातल्या इतर माणसांचे मात्र दोन गट केले: एका गटाला दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या गटाला अतिरिक्त शिधा मिळाला नाही. दोन्ही मिळून दहा हजारांहून अधिक माणसांवर लक्ष ठेवले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि खोकल्यातून पसरणाऱ्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांच्या बाबतीतही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला. चाळीस किलोच्या माणसाच्या हिशेबाने पाच टक्के म्हणजे अवघे दोन किलो.

दोन किलो वजन वाढवणे ज्यांना सोपे वाटते, त्यांनी क्षय झालेल्या बाईच्या स्वयंपाकघरात एकदा बसून पाहावे. आमच्याकडच्या एका रुग्णाचे घर सहा माणसांचे आहे: ती, तिचा नवरा, सासू आणि तीन मुले. माहेर जालन्याकडचे. पहिल्या दिवशी तिचे वजन ३६ किलो भरले होते. आम्ही महिन्याचा म्हणून जो शिधा देतो त्यात तांदूळ, डाळ, शेंगदाणे, तेल आणि दुधाची पावडर असते, आणि तो तिच्या एकटीसाठी असतो. पुढच्या खेपेला गेले तेव्हा महिना संपायला बरेच दिवस बाकी होते, पण डाळीचा डबा रिकामा होता आणि दुधाच्या पावडरीचा चहा होऊन गेला होता. संस्थेच्या कागदावर याला 'शिध्याचा गैरवापर' असे म्हणायची पद्धत आहे. ती मला म्हणाली, "ताई, डाळ शिजली की ताटं सहा होतात. लेकरं पुढं बसल्यावर मी माझ्यापुरती वाटी बाजूला कशी काढू?" शेंगदाणे तेवढे तिने भाजून, कूट करून ठेवले होते आणि ती रोज मूठभर खात होती, तेही सासूने बजावले म्हणून. झारखंडच्या प्रयोगाचे शहाणपण मला त्या दिवशी पुरते कळले. रुग्णाच्या ताटाचे संरक्षण करायचे असेल, तर घरातल्या सगळ्या ताटांत वाढले पाहिजे. एकाच्या नावाने आलेले अन्न एकट्याने खाण्याची रीत आपल्या घरांत नाही, आणि ती नाही हेच बरे आहे.

मग ही गोष्ट इतकी वर्षे आरोग्य यंत्रणेच्या ध्यानात का आली नाही, याचे उत्तर निष्काळजीपणात शोधण्याआधी एका फार चांगल्या संशोधनाकडे पाहावे लागते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तोपर्यंत क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवायचे, मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार द्यायचा, हीच रीत होती. आपल्याकडे मिरज आणि पाचगणी ही नावे जुन्या पिढीला त्यासाठीच आठवतात. परंतु देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी, अशी परिस्थिती होती. मद्रासच्या संशोधकांनी काही रुग्णांना रुग्णालयात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून सारखीच औषधे दिली. घरच्या रुग्णांना आहार कमी मिळाला, विश्रांती कमी मिळाली, तरी वर्षाअखेरीस ते जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. गरिबाला संसार सोडून वर्षभर रुग्णालयात पडून राहण्याची गरज उरली नाही. १९६२ मध्ये आखलेला आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही घरीच उपचार देण्याच्या तत्त्वावर उभा राहिला. या संशोधनाचे ऋण मोठे आहे आणि ते मी मनापासून मानते.

मात्र त्या प्रयोगाने एकाच प्रश्नाचे उत्तर दिले होते: औषध नियमित मिळाले तर गरीब घरातला रुग्णही बरा होतो का? होतो. माणूस मुळात आजारी का पडला, बरा झाल्यावर पुन्हा पडेल का, त्याच घरातल्या आणखी कोणाची पाळी येईल, हे प्रश्न त्यात विचारलेले नव्हते. तरीही पुढच्या कित्येक दशकांत घर आणि आहार हे विषय क्षयरोगाच्या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेरच गेले. इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत आले होते, क्षयावरचे पहिले गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन तर १९४३ मध्ये सापडले. ती घट चांगल्या अन्नामुळे झाली, घरे आणि स्वच्छता सुधारल्यामुळे झाली, की रुग्ण वेगळे ठेवल्यामुळे, यावर इतिहासकारांत वाद आहे. गोळ्यांमुळे ती सुरू झालेली नव्हती, एवढे मात्र निर्विवाद आहे. तो इतिहास आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवला जातो, पण आपला कार्यक्रम आखताना त्याचा आधार घेतला गेला नाही.

आता घराविषयी. क्षयरुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा उडणाऱ्या तुषारांतले पाणी वाळून जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत राहतात, आणि बंद खोलीत ते काही तास तरंगत राहू शकतात. खोलीत वारा खेळत असेल तर ते विरळ होतात आणि थेट ऊन आत येत असेल तर मरतात. याच्यासाठी यंत्र लागत नाही, समोरासमोर दोन खिडक्या आणि त्यांच्यापुढे मोकळे आकाश लागते. मुंबईला हे ज्ञान नवे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर शहराच्या सुधारणेसाठी जो ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला, त्याचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. खोलीच्या खिडकीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ काढावी आणि ती समोरच्या इमारतीला अडू नये, असा तो नियम. गणित केले तर त्याचा अर्थ असा निघतो की, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे असले पाहिजे. चाळींत माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असलेल्या काळात, ब्रिटिश सरकारच्या एका अधिकाऱ्याने मांडलेला हा हिशेब आहे, आणि त्याच्या हेतूंबद्दल कितीही शंका घेतली तरी भूमितीत खोट काढता येत नाही.

हा हिशेब मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींना लावून पाहावा. रेल्वेरुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या झोपड्या हटवून प्रकल्पग्रस्तांना येथे सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्या देण्यात आल्या. नटवर पारेख कंपाउंडसारख्या ठिकाणी तळमजल्यावर सात मजले चढवलेल्या इमारती आहेत, आणि शेजारच्या दोन इमारतींमध्ये तीन-तीन मीटर अंतर आहे. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने एवढ्या उंचीला दहा-अकरा मीटर तरी लागले असते. उलट मोजले तर, तीन मीटर अंतरावर सहा मीटर उंचीची, म्हणजे फार तर दुमजली इमारत चालली असती. पुनर्वसनाला जागा कमी पडते म्हणून बांधकामाच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या, आणि त्या सवलतींच्या बदल्यात काय गेले, हे २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने केलेल्या पाहणीत दिसले. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत अशा तीन ठिकाणांची त्यांनी तुलना केली. पहिल्या दोन ठिकाणी इमारती खेटून आहेत, तिसऱ्या ठिकाणी त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. वस्ती एकाच भागातली, माणसे साधारण सारख्याच मिळकतीची. तरी क्षयाचे प्रमाण पहिल्या दोन वसाहतींत कितीतरी अधिक होते, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे उजेड आणि वारा पोहोचत नाही, तिथे आणखी अधिक.

अशा एका तळमजल्यावरच्या खोलीत भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून मी रुग्णाचे कार्ड वाचलेले आहे. खोलीला खिडकी आहे, पण तिच्यासमोर अवघ्या तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. मधल्या पट्ट्यात वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, गळक्या नळ्यांचे पाणी आणि घुशी. खिडकी उघडली की वास आणि डास आत येतात, म्हणून घरच्यांनी तिला आतून प्लास्टिकचा कागद लावून टाकला आहे. खिडक्या उघड्या ठेवा, असा सल्ला देणारे रंगीत पत्रक त्याच भिंतीवर चिकटवलेले होते. मला त्या घरातल्या माणसाला सल्ला देण्याचा धीर झाला नाही. तो आधी रुळांच्या कडेला राहत होता. त्याने सांगितले, "तिथं गाडीचा धोका होता, पाण्याची बोंब होती, पण दाराबाहेर ऊन होतं. इथं संडास घरात आला आणि ऊन गेलं." झोपडपट्टी बरी होती असे त्याचे म्हणणे नव्हते आणि माझेही नाही. पक्के घर देताना ऊन आणि वारा वगळण्याची काही आवश्यकता नव्हती, एवढेच त्याचे गाऱ्हाणे होते, आणि ते ऐकून घ्यायला कोणत्याही कार्यालयाची खिडकी त्याला ठाऊक नव्हती.

रोजंदारी आणि आजार यांचा संबंध थोडक्यात सांगता येतो, पण त्याचे परिणाम थोडके नसतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण सरकारी दवाखान्याची वेळ सकाळची, आणि नाक्यावर उभे राहून काम मिळण्याची वेळही सकाळचीच. एक दिवस तपासणीला, एक दिवस अहवालाला, एक दिवस एक्सरेला गेला की तीन दिवसांची मजुरी गेली. त्यामुळे माणूस रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या डॉक्टरकडे जातो, खोकल्याचे औषध घेतो, बरे वाटले नाही तर डॉक्टर बदलतो, आणि यात महिने जातात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मुंबईतील झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाचे औषध लिहून द्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी ८० वेगवेगळ्या पद्धतींनी ते लिहून दिले होते. आज परिस्थिती बरीच सुधारली आहे, तपासणीची यंत्रे आली आहेत, खाजगी डॉक्टरांनाही रुग्णांची नोंद सक्तीची झाली आहे. पण त्या अर्धवट औषधांच्या दशकांनी मुंबईला औषधांना दाद न देणारा क्षय देऊन ठेवला, आणि तो आता कोणतेही औषध न चुकवलेल्या मुलीलाही आपल्या काकाकडून थेट होऊ शकतो. गोळ्या चुकवणाऱ्या रुग्णाला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे; मार्च २०२४ मध्ये देशभरात क्षयाच्या औषधांचाच तुटवडा पडला होता, तेव्हा गोळ्या कोण चुकवत होते, हेही मग विचारावे लागेल.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. लग्न व्हायच्या मुलीचा आजार घरचे लपवतात आणि सुनेचा आजार माहेरी पाठवून दिला जातो. घरात मिळकतीच्या माणसाला आधी वाढायचे, ही रीत पुरुषांनी पाडली असे म्हणून भागत नाही, ती सासवांनी आणि आयांनीही जपली आहे, आणि तिचे वजनकाट्यावर दिसणारे रूप म्हणजे ते दोन गोळ्यांचे रुग्ण.

सरकारने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर दरमहा ५०० रुपये येऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. २०२२ मध्ये निक्षय मित्र ही कल्पना आली आणि व्यक्ती, संस्था, कंपन्या रुग्णांना शिधा देऊ लागल्या. आमचे कामही त्याचाच भाग आहे. २०२४ मध्ये रुग्णाच्या घरच्या माणसांनाही त्यात घेण्याचा निर्णय झाला. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण माझ्या मते यातले अर्धे काम दात्यांच्या मर्जीवर सोडणे चुकीचे आहे. एखाद्या कंपनीचे वर्ष संपले की शिधा थांबतो, रुग्णाच्या उपचाराचे सहा महिने मात्र अजून संपलेले नसतात. ज्यांचे बँक खाते आधारशी जुळत नाही त्यांच्याकडे योजनेचे पैसे उशिरा येतात, आणि वजन वाढण्याची निकड पहिल्या दोन महिन्यांतच सर्वांत अधिक असते.

यावर एक सरळ उपाय समोर आहे आणि तो कोणी का उचलत नाही याचे मला राहून राहून नवल वाटते. झारखंडमध्ये घरच्या माणसांना काय दिले होते? माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य रेशनवर आजही मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. म्हणजे निम्म्याहून मोठा शिधा आधीच पोहोचतो आहे, कमी आहे ती डाळ. रेशन दुकानातून डाळ देता येत नाही असे म्हणावे, तर २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, तेल आणि चणाडाळ याच दुकानांतून दिलेली आहे. सणाला जे जमते ते क्षयरुग्णाच्या घराला सहा महिने किंवा वर्षभर जमू नये, असे काही कारण दिसत नाही. प्रयोगाच्या वेळच्या किमतीने घरच्या एका माणसाचा महिन्याचा शिधा सुमारे सव्वातीनशे रुपयांना पडला होता. औषधांना दाद न देणारा क्षय झालेल्या एका रुग्णाच्या उपचारावर त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. अर्थात ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही, किंवा कार्ड गावाकडे आणि माणूस मुंबईत, त्यांचा प्रश्न उरतोच. कार्ड देशात कुठेही चालते हे नियमाने खरे असले, तरी दुकानदाराच्या यंत्रावर बोटाचा ठसा उमटला नाही की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतते, हे मी पाहिलेले आहे. क्षयाची नोंद झाली की त्याच दिवशी त्या घराला तात्पुरते कार्ड आणि डाळ, अशी जोडणी आरोग्य खाते आणि पुरवठा खाते यांनी बसून करायला हवी. दोन्ही खात्यांकडे याद्या आहेत, त्या एकमेकींना दाखवलेल्या नाहीत.

इमारतींचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण बांधून झालेल्या इमारतीत अंतर घालता येत नाही. तिथे जे करता येण्यासारखे आहे ते लहान आहे: मधले पट्टे साफ करून कायमचे साफ ठेवणे, म्हणजे निदान खिडक्या उघडतील, स्वयंपाकघरात आणि जिन्यात हवा बाहेर खेचणारे पंखे. तळमजल्याच्या खोल्या राहण्याऐवजी अंगणवाडीला किंवा कार्यालयांना द्याव्यात, हा उपाय मात्र नको, कारण लहान मुलांना त्या अंधारात बसवणे हा त्याच चुकीचा पुढचा भाग होईल. परंतु मुंबईत आणखी हजारो पुनर्वसनाच्या खोल्या बांधल्या जाणार आहेत आणि त्यांचे नकाशे आज कोणाच्या तरी टेबलावर आहेत. त्या नकाशांना अग्निशमन दलाचा दाखला लागतो, तो नसेल तर बांधकाम सुरू होत नाही. तळमजल्याच्या प्रत्येक खोलीत वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी किती तास उजेड पोहोचतो आणि हवा तासाला किती वेळा बदलते, याचा तसाच दाखला महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडून घेणे बंधनकारक करावे, आणि त्याच्या सहीशिवाय नकाशा पुढे जाऊ नये, ही मागणी आम्ही काहीजण वॉर्ड कार्यालयात लेखी देतो आहोत. पहिल्या अर्जावर, हा विषय आरोग्य विभागाच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर आले आहे. दुसऱ्या अर्जाला आम्ही वजनाच्या वहीची पाने जोडली आहेत, नावे झाकून, फक्त मजला आणि किलो एवढे दोन रकाने उघडे ठेवून.